दोन रुपयांत एलिचपूर

खिशात दोन रुपये असू द्या, त्याहून जास्त नकोत. त्यातला एक चांदीचा, पंचम जॉर्जचा, तो कमरेच्या कनवटीला घट्ट लावा. बरोबर एक तोळा वजनाचा हा रुपया तुम्हाला पुढे फार लांबच्या काळात उपयोगी पडणार आहे. दुसऱ्याची मोड करून घ्या: काठाला कंगोरे असलेले आणे, चौकोनी दोन-आणी, आणि उरलेल्याचे पैसे. एका आण्यात चार पैसे, एका पैशात तीन पै. आता हिशेब पैचा करायचा.

साल 1924, महिना डिसेंबर. तुम्ही मूर्तिजापूरच्या फलाटावर उभे आहात. जीआयपीची मोठी गाडी तुम्हाला इथे उतरवून पुढे गेली आहे. फलाटापलीकडे दुसरे रूळ आहेत, अडीच फूट रुंदीचे. त्यांची एक वाट दक्षिणेला यवतमाळकडे जाते, दुसरी उत्तरेला एलिचपूरला. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. ही साधारण सत्याहत्तर किलोमीटरची वाट तुमची. आपण हिला शकुंतला म्हणतो. किलिक निक्सन कंपनीने 1910 साली हिच्यासाठी वेगळी कंपनी काढली, आणि तीही प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लायनीपर्यंत, तिथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला न्यायचा होता. समोरचं इंजिन पाहा. ते मँचेस्टरलाच 1921 साली बांधलं आणि 1923 पासून इथे धावतं आहे. कापूस जिकडे जातो तिकडूनच इंजिन आलं. हेच इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत ही गाडी ओढणार आहे, हे ह्या फलाटावर फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

तिकीट तिसऱ्या वर्गाचं घ्या. तिसऱ्या वर्गात लाकडी बाक आहे, धूर आहे, आणि सगळा वऱ्हाड आहे. वेचणी ऐन भरात आहे. फलाटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, बैल रवंथ करत उभे आहेत, गाडीवानांच्या मुंडाशांना, भुवयांना, मिशांना कापसाची रुई लागली आहे. जिनिंगचा आवाज इथवर येतो. डब्यात बसता बसता समोरच्या बाकावरची म्हातारी विचारते, “कोन्या गावचे जी तुमी?” तुम्ही गाव सांगता. तिचा पुढचा प्रश्न लगेच येतो, “अन् कोन?”

हा प्रश्न जातीचा आहे. 1924 मध्ये तो टाळता येत नाही. तुम्ही काही सांगितलं तरी, किंवा गप्प राहिलात तरी, त्यावरून ठरेल की पाणी ओंजळीत वरून धार धरून मिळणार की लोटा हातात मिळणार. स्वस्तात जुना काळ पाहायला निघालेल्या माणसाने हे आधीच जाणून असावं. त्या काळात फुकट मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी सगळ्यांना फुकट नव्हत्या.

आणि पाणी लागणारच आहे. गाडी लाखपुरी सोडते, पूर्णेचा पूल ओलांडते, आणि तुम्ही खारपाणपट्ट्याच्या पोटात आहात. बाहेर काळीभोर, सपाट, क्षितिजापर्यंत जमीन आहे. पऱ्हाटी, तूर, मध्येच हरभरा. जमीन सोन्यासारखी, पण खालचं पाणी खारट. विहीर खोदली तरी जिभेला मिठाची चव लागते. बनोशाला, म्हणजे दर्यापूरला, गाडी थांबते तेव्हा उतरून पाणी प्यायची घाई करू नका. गोडं पाणी कुठल्या विहिरीचं हे आधी गावकऱ्याला विचारा. म्हातारी आपल्या मडक्यातलं पाणी तुमच्या ओंजळीत सोडते आणि म्हणते, “घ्या जी, घरून आनलं. हितलं पेऊ नोका.” एवढ्या लांबून डोक्यावर वाहून आणलेलं पाणी ती अनोळखी माणसाला देते. वरून धार धरून देते, हेही खरं.

डब्यातल्या पुरुषांचं बोलणं वेगळंच चाललं आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरात हैदराबादच्या निजामाने व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला आहे. 1853 साली फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, 1902 साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांनी घेतला, नावापुरती मालकी निजामाचीच राहिली. आता तो परत जाणार की काय, ह्यावर एक पटवाऱ्यासारखा दिसणारा गृहस्थ ठासून बोलतो आहे, आणि कोपऱ्यातला शेतकरी शेवटी एवढंच विचारतो, “मंग सारा कोनाले भरा लागन?” तुम्हाला उत्तर माहीत आहे, 1926 साली व्हाइसरॉय रीडिंग निजामाला स्पष्ट नकार देणार आहे. पण ते सांगू नका.

लेहगाव, कापूसतळणी, अंजनगाव. गाडीचा वेग असा की रुळाकाठच्या शेतातली तूर शेंगांना आली की नाही तेही दिसतं. मला ह्या वेगाचं मोल फार वाटतं. गडबडीच्या प्रवासात एका शहरातून दुसऱ्या शहरात जाता येतं, मधला मुलूख दिसत नाही. आणि एलिचपूर ही ज्या मुलखाची राजधानी होती तो मुलूखच पाहिला नाही तर राजधानीचे दगड पाहून काय कळणार?

ह्याच मुलखात शेंडगाव आहे. तिथे 1876 साली परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मला, आणि वाढला मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, आजोळी. 1 फेब्रुवारी 1905 ला तो घर सोडून निघाला. 1924 मध्ये लोक त्याला गाडगेबुवा म्हणतात. फुटक्या मडक्याचं खापर, हातात खराटा, अंगावर चिंध्या. सात वर्षांपूर्वी, 1917 साली, त्याने पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली आहे, कारण तिथल्या धर्मशाळांची दारं अस्पृश्य वारकऱ्यांना बंद होती. वऱ्हाडातल्या ज्या माणसाला गरीब प्रवाशाची रात्र कशी जाते हे सगळ्यांत नीट कळलं, तो ह्याच मुलखात वाढला. गाडी पुढे सरकते तेव्हा खिडकीतून खराटा घेतलेला कुणी वाटसरू दिसला तर नीट पाहून घ्या.

अंजनगावला पानमळे दिसतात. विड्याची पानं, पानपिंपरी, हिरवीगार सावली. खारपाणपट्टा मागे पडला. इथेच, ह्या अंजनगाव-सुर्जीला, 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी तह केला. त्याआधी तेरा दिवस, जवळच्याच देवगावी, नागपूरकर भोसल्यांनी केला होता, आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड त्यात गमावला होता. दोन आठवड्यांत मराठ्यांच्या दोन मोठ्या दौलतींनी ह्या पानमळ्यांच्या आसपास माना झुकवल्या. शाळेत आपण हे तह पाठ केले. ते आपल्या घरापासून किती जवळ झाले हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

पथ्रोट, चमक, नौबाग. मग समोर सातपुडा, निळा, भिंतीसारखा. गाडी थांबते. एलिचपूर.

रात्रीची सोय धर्मशाळेच्या ओसरीवर. जागा फुकट, चुलीला तीन दगड फुकट, काटक्या आणि वांगी बाजारातून. तेल, मीठ, तिखट घ्या. शिदोरीच्या भाकरी आहेतच. दारात तुम्हाला पुन्हा तोच प्रश्न विचारला जाईल, “कोन?” आणि ज्यांचं उत्तर चालत नाही ते वेशीबाहेरच्या झाडाखाली झोपतील. थंडी डिसेंबरची आहे, सातपुड्यावरून उतरणारी. अजून तीन वर्षांनी, नोव्हेंबर 1927 मध्ये, अमरावतीला अंबादेवीच्या मंदिराचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून सत्याग्रहाची परिषद भरेल आणि तिला डॉ. आंबेडकर येतील. ह्या ओसरीवर झोपताना ते लक्षात असू द्या.

सकाळी पायी निघा. टांगा करू नका; हे गाव पायांनी कळतं. परकोटाचे दगड, दुल्हा दरवाजा, बिच्छन नदी, तिच्या काठी शाह दुल्हा रहमानचा दर्गा. कथा अशी की ईल राजाशी लढाई जुंपली तेव्हा हा तरुण बोहल्यावरून उठून तलवार घेऊन आला आणि पडला, म्हणून दुल्हा. कथा खरी की खोटी ह्यात मी पडत नाही. दर्ग्यात हिंदू बायका चादर घेऊन उभ्या असतात, नवसाचा गूळ वाटतात, तो तुम्हालाही मिळेल. घ्या. आजच्या दिवसाची ती न्याहारी.

मग गावाबाहेर, शेतांतून, हौज कटोऱ्याकडे. गोल तलाव, आणि त्याच्या मधोमध उभा अष्टकोनी मनोरा. तीन मजले शाबूत, कमानींतून आभाळ दिसतं. काठावर बसा, कनवटीचा रुपया हातात घ्या. तोळाभर चांदी कुठल्याही शतकात चांदीच असते. आणे-पैसे इथेच पुरून ठेवा, पुढे ते चालणार नाहीत. आता डोळे मिटा.

डोळे उघडाल तेव्हा डिसेंबरच आहे, पण 1803 चा. गाव जखमींनी भरलं आहे. 29 नोव्हेंबरला आडगावला लढाई झाली. तिथले आपले जखमी वेलस्लीने इथे आणून ठेवले आणि इस्पितळ मांडून तो गाविलगड किल्ल्याकडे निघून गेला. वाटा तोफांच्या चाकांनी फाटल्या आहेत. बाजारात या. तुमचा रुपया पाहून दुकानदार तो दगडावर वाजवतो, वजन करतो, मान हलवतो. चांदी खरी आहे, पण धान्य नाही. पाऊस दगा देऊन गेला आहे, त्यावर दोन दोन फौजा ह्या मुलखातून चरत गेल्या आहेत. 1803-04 चा हा दुष्काळ दख्खनभर माणसं मारणार आहे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य आणतात ते फौजेच्या छावणीसाठी. एक बाई तुमच्याकडे पाहते, तुमच्या हातातल्या रुपयाकडे नाही, शिदोरीच्या फडक्याकडे. भाकरी तिला द्या. इथे काटकसर नाही, भूक आहे, आणि भुकेल्या गावात पाहुणा म्हणून राहू नये. 15 तारखेला गाविलगड पडेल, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मरेल. तुम्ही त्याआधी निघा.

आणखी मागे. 1490. गावात ढोल वाजताहेत. बहामनी सुलतानाचा सुभेदार फतेउल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आहे, आणि हे गाव एका राज्याची राजधानी. फतेउल्ला विजयनगरकडचा, कानडी मुलखातला, लहानपणी कैद होऊन इकडे आलेला. गाविलगडाच्या दरवाजावर हत्ती धरलेला गंडभेरुंड कोरलेला आहे, तो ह्या घराण्याशी जोडतात. त्याच वर्षी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, पेरूच्या डोंगरांत, कुस्को ही इंका राज्याची राजधानी अशीच भरात आहे, आणि कोलंबस अजून दोन वर्षं बंदरातच आहे. कुस्कोला 1533 मध्ये पिझारोने लुटलं. एलिचपूरचं राज्य 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने गिळलं. दोन्ही राजधान्यांचे दगड उभे आहेत. कुस्को पाहायला जगभरचे तरुण पाठीवर पिशवी लावून, एक वेळ जेवून, स्वस्त खोल्या शोधत जातात, आणि बरोबर करतात. अमरावतीची किती पोरं अचलपूरला तशी गेली आहेत?

इथे जेवताना एक गोष्ट जाणवेल. भाकरी आहे, तूर आहे, वांगं आहे, पण ठेचा नाही. मिरची नाही. ती अजून समुद्रापलीकडे अमेरिकेतच आहे, पोर्तुगीजांच्या गलबतांतून यायला वेळ आहे. वऱ्हाडी ताटातलं जे तिखट आपण रक्तात असल्यासारखं मिरवतो ते अमेरिकेचं आहे. इथे तिखट लागतं ते मिऱ्याचं आणि पिंपळीचं. भुईमूगही नाही, तोही तिकडचाच. कापूस मात्र आहे, आणि चरखे फिरताहेत.

1296. थोडा वेळच थांबा. कड्याहून आलेला एक तरुण सरदार काही हजार स्वारांनिशी गावाबाहेर तळ देऊन आहे. बाजारात बातमी पसरवली आहे की तो दिल्लीच्या सुलतानाशी, आपल्या चुलत्याशी, भांडून राजमहेंद्रीकडे नोकरी शोधत चालला आहे. घोडे विश्रांती घेताहेत. धनगर, तेली, सराफ त्याला सामान विकताहेत. त्याचं नाव अलाउद्दीन खिलजी. दोन दिवसांनी तो दक्षिणेला वळेल, देवगिरीला, आणि यादवांचं राज्य ह्या पडावानंतर पूर्वीसारखं राहणार नाही. तुमच्या जवळच्या सराफाला ओरडून सांगावंसं वाटेल. सांगितलंत तरी तो तुमचा रुपया फिरवून त्यावरच्या राजाची दाढी पाहत बसेल.

आणि शेवटचं पाऊल, आणखी काही वर्षं मागे. यादवांचंच राज्य, पण शांत. गावाला अळजपूर म्हणतात. बाजारात ‘दाम’ चालतात. एक उंच, देखणा संन्यासी दारोदार भिक्षा घेत चालला आहे. झोळीत चार घरचं अन्न एकत्र झालं आहे. तो ते नदीकाठी नेऊन खाईल, झाडाखाली झोपेल, उद्या दुसऱ्या गावी असेल. हा चक्रधर. रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटलेला, ह्या वाटांवरून फिरलेला. त्याच्या आठवणी म्हाइंभट रिद्धपूरला बसून गोळा करील, त्यातून लीळाचरित्र होईल, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, आणि त्यात ह्या गावाचं नाव येईल. त्याच्यापाशी ना दाम, ना तोळाभर चांदी. तरीही त्याने हे शहर जितकं नीट पाहिलं तितकं कुठल्या सुलतानाने पाहिलं असेल असं मला वाटत नाही. सुलतानांनी वसूल पाहिला, फौजांनी तळाची जागा पाहिली. ह्याने दारं पाहिली, त्यांतल्या बायका, त्यांची पोरं, त्यांची भाषा, आणि बोलला तो त्याच भाषेत, संस्कृतात नव्हे.

आता 1924 ला परत या. जमल्यास आणखी एक दिवस थांबा, कारण बहिरमची यात्रा लागली आहे. परतवाड्यावरून बैतूलच्या वाटेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, महिनाभराहून जास्त चालणारी. राहुट्या, दमण्या, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि हंड्यांत शिजणारं मटण. भैरवाच्या मूर्तीला लोणी-शेंदूर. इथे कापले जाणारे बोकड पुढे गाडगेबाबांच्या कीर्तनांनी थांबले. कुणाच्याही राहुटीपुढे उभे राहिलात तर एक रोडगा हातावर पडतोच.

आणि मग आजचा दिवस. शकुंतला बंद आहे. रूळ रुंद करायचे ठरले, आणि पुढे गाडी थांबवली ती थांबलीच. स्टेशनं ओस आहेत, रुळांवर बाभळी माजल्या आहेत. ज्या बाया भाजीच्या टोपल्या घेऊन काही रुपयांत दर्यापूर-अंजनगावचा बाजार गाठत होत्या त्यांना आता दुप्पट-चौपट खर्च होतो किंवा घरी बसावं लागतं. स्वस्त प्रवास हा पर्यटकाचा शौक असेल. ह्या पट्ट्यात ती रोजच्या पोटाची गोष्ट होती, आणि ती हिरावली गेली ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी अचलपूरला जाणं आजही स्वस्त आहे. अमरावतीहून परतवाड्याला एसटी आहे, पन्नासेक किलोमीटर. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत. परतवाडा म्हणजे कॅम्प, जुनं अचलपूर म्हणजे सिटी, सिटीला उतरा. शिदोरी घरून न्या, पाणी न्या, दुल्हा गेटपासून पायी सुरुवात करा, दर्गा आणि हौज कटोरा दुपारपर्यंत होतात. दुसरा दिवस गाविलगडाला द्या. गडाच्या दगडांवर नाव कोरू नका, कोरणाऱ्याला थांबवा. घरातल्या शाळकरी पोरांना बरोबर न्या आणि देवगाव, अंजनगावही दाखवा. आणि परत आलात की आपल्या खासदाराला एक पत्र लिहा: मूर्तिजापूर-अचलपूर लायनीवर गाडी पुन्हा कधी सुरू होणार, एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.